लिनक्सवरचा आवाज : आवक, जावक आणि मधली शांतता

लिनक्सवर पहिल्यांदा सॉफ्टवेअर सिंथेसायझर उघडणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा जे ऐकू येतं, ते म्हणजे काहीच नाही. खिडकी उघडलेली असते. बटणं, आकडे, वाद्यांची लांबलचक यादी, सगळं जागच्या जागी असतं. यूएसबीने जोडलेल्या कीबोर्डची पट्टी दाबली तर पडद्यावर एखादा बारीक दिवा लुकलुकतोसुद्धा. आवाज मात्र येत नाही. आणि लाल अक्षरांत कुठे काही लिहूनही येत नाही, कारण यंत्रणेच्या मते काहीच बिघडलेलं नसतं.

मला या शांततेची समीक्षा करायची आहे. पुस्तकाची किंवा सिनेमाची करतात तशीच. सॉफ्टवेअरलाही रचना असते. त्यातही कुणीतरी कुठेतरी उभं राहून आपल्याला काहीतरी सांगत असतं, आणि काय सांगायचं, काय गाळायचं हे कुणीतरी ठरवलेलं असतं. लिनक्सच्या ऑडिओबद्दल वाचायला मिळतं ते बहुतेक पाककृतीच्या थाटात: आधी हे टाका, मग ते ढवळा. पाककृती उपयोगी असतात, पण पदार्थ असा का केला आहे हे त्यातून कळत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात सांगते. लिनक्सवर आवाज तयार करणं आणि तो आवाज जोडणं ही दोन वेगळी कामं मानली आहेत. हा निर्णय मला योग्य, किंबहुना सुंदर वाटतो. पण जोडणी अपुरी राहिली तर तसं सांगायचं काम कुणाकडेच दिलेलं नाही. त्याची किंमत जो सगळ्यात नवखा आणि सगळ्यात एकटा, तो भरतो.

वाद्य नसलेलं वाद्य

आधी मंडळींची ओळख करून घेऊ. उदाहरणासाठी मी फ्लुइडसिंथ घेते. हा मोफत आणि मुक्त स्रोत सिंथेसायझर 'साउंडफाँट' नावाच्या फायलींमध्ये साठवलेले वाद्यांचे नमुने वाजवतो. साउंडफाँट हा प्रकार नव्वदच्या दशकात ई-म्यू आणि क्रिएटिव्ह या कंपन्यांनी साउंड ब्लास्टर कार्डांसाठी आणला. तेव्हा त्याला वेगळं हार्डवेअर लागायचं. आज तेच काम कपाटात पडलेला जुना लॅपटॉपही करतो. फ्लुइडसिंथ मुळात टर्मिनलमध्ये चालतो. त्याला बटणं आणि दिवे असलेला चेहरा हवा असेल तर क्यूसिंथ आहे. तो रुई नूनो कापेला या पोर्तुगीज प्रोग्रामरने लिहिला. पुढे ज्या दोन खिडक्यांवर मी टीका करणार आहे, त्याही याच माणसाच्या. त्या नसत्या तर टीका करण्याइतकं काही हातात आलंच नसतं, हेही इथेच नोंदवते.

आता कीबोर्ड. सिंथेसायझरला जोडायला जे स्वस्त यूएसबी कीबोर्ड मिळतात, त्यांच्यात आवाज नसतो. ते फक्त निरोप पाठवतात: अमुक चॅनेलवर, अमुक क्रमांकाची पट्टी, इतक्या जोराने दाबली. तीन बाइटांचा निरोप. मधल्या सी स्वराचा क्रमांक ६०. या निरोपांच्या भाषेला मिडी म्हणतात. ती १९८३ साली ठरली आणि अजून चालू आहे. मिडीची तुलना करायची तर भातखंड्यांच्या स्वरलिपीशी करावी. लिहिलेली बंदिश कागद कानाला लावून ऐकू येत नाही. ती वाचणारा गायक लागतो, कागद त्याच्यापर्यंत पोचावा लागतो, आणि मग त्याचा आवाज श्रोत्यापर्यंत पोचावा लागतो. कागद टपालात हरवला काय, गायकाचा घसा बसला काय, किंवा सभागृहातला माइक बंद राहिला काय, मागच्या रांगेतल्या श्रोत्याला तिन्ही सारखेच ऐकू येतात.

बोट पट्टीवर पडल्यापासून हेडफोनमध्ये स्वर येईपर्यंत निदान चार टेबलं पार करावी लागतात. पहिल्यावर मिडीचे निरोप वाटले जातात. दुसऱ्यावर सिंथेसायझर बसतो. तिसऱ्यावर ऑडिओ सर्व्हर, म्हणजे कुणाचा आवाज कुठे जाणार ते बघणारा कारकून. चौथ्यावर साउंड कार्ड. सरकारी कचेरीत फाइल अडकते तेव्हा काय होतं हे आपल्याला ठाऊक आहे. प्रत्येक टेबलावरचा माणूस शांतपणे सांगतो, 'आमच्याकडून पुढे गेली.' आणि तो खरंच बोलत असतो.

जोडणार कोण?

लिनक्सच्या ऑडिओचा इतिहास या एका प्रश्नाभोवती वाचता येतो. प्रत्येक पिढीने त्याला वेगळं उत्तर दिलं, आणि जुनी उत्तरं पुसली न जाता खाली थरासारखी साचत गेली.

यारोस्लाव किसेला यांनी १९९८मध्ये आल्सा सुरू केलं. २००३च्या अखेरीस आलेल्या २.६ कर्नलपासून तेच लिनक्सच्या ऑडिओचं मुख्य अंग झालं. आल्साचं उत्तर सरळ: प्रोग्रामने थेट कार्डाकडे जावं. पण कार्डाचं थेट दार बहुतेकदा एका वेळी एकालाच उघडतं. दुसरा आला की 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' असं ऐकून परत जातो. आणि मूळ आल्साचा आणखी एक बाणा आहे: सुरुवातीला सगळे चॅनेल म्यूट. आल्सामिक्सर उघडलं की पट्ट्यांखाली 'एमएम' अशी अक्षरं दिसतात. ती म्यूटची खूण. एम दाबलं की 'ओओ' होतं आणि वाट मोकळी होते. वितरणं हे बहुतेक वेळा आपल्यासाठी आधीच करून ठेवतात. तरी नवं कार्ड लावलं की कधीतरी तो 'एमएम' भेटतोच.

२००२मध्ये पॉल डेव्हिस यांनी जॅक आणलं. पूर्ण नाव 'जॅक ऑडिओ कनेक्शन किट', म्हणजे पहिलं अक्षर पुन्हा जॅकचंच. आपलीच शेपटी पकडणारं नाव. जॅक म्हणजे गिटारची मोठी पिन जिथे खोचतात ते भोक. ही पिन आली टेलिफोन एक्स्चेंजमधून, जिथे ऑपरेटर एकेक वायर खोचून दोन माणसांना बोलतं करायची. नावातच उत्तर आहे: जोडेल तो वापरणारा. जॅकमध्ये प्रत्येक प्रोग्राम आपली भोकं, म्हणजे पोर्ट, मांडून बसतो. कुणाच्या तोंडचा आवाज कुणाच्या कानात घालायचा, ते तुम्ही ठरवता.

२००४मध्ये लेनर्ट पोटरिंग यांच्या पल्सऑडिओने उलट उत्तर दिलं: जोडेल ती यंत्रणा. व्हिडिओ लावला, आवाज आला, इयरफोन खोचला, आवाज तिकडे गेला. सामान्य वापरासाठी हे बरोबरच होतं. पण संगीत करणाऱ्याच्या यंत्रावर दोन कारभारी झाले. जॅकने कार्ड ताब्यात घेतलं की ब्राउझर मुका, आणि पल्सने घेतलं की जॅक सुरूच होत नाही. कित्येक वर्षं लिनक्सवर संगीत करणं म्हणजे या दोघांत मांडवली करणं होतं.

मग विम टायमन्स यांचं पाइपवायर आलं. सुरुवात व्हिडिओपासून झाली, पुढे ऑडिओही त्यात आला. २०२१च्या फेडोरा ३४मध्ये ते मूळ ऑडिओ यंत्रणा म्हणून आलं, त्यानंतर इतरांनीही घेतलं. पाइपवायरचं उत्तर: दोघंही जोडतील. पल्ससाठी लिहिलेला प्रोग्राम आणि जॅकसाठी लिहिलेला प्रोग्राम, दोन्ही एकाच जाळ्यात. हे मोठं काम आहे, आणि त्याचं कौतुक पुरेसं झालेलं नाही असं मला वाटतं. पण शांततेचा प्रश्न त्याने सोडवला नाही. त्याने तो एका जागी आणून ठेवला.

निवेदक कुठे उभा आहे?

जॅकच्या जोडण्या बघायला बरीच वर्षं जी खिडकी वापरली गेली ती कापेला यांची क्यूजॅकसीटीएल. डाव्या बाजूला आउटपुट, उजव्या बाजूला इनपुट. डावीकडचं नाव निवडायचं, उजवीकडचं निवडायचं, 'कनेक्ट' दाबायचं, मध्ये एक रेघ उमटते. दिसायला सोपं. आता मायक्रोफोन शोधा. तो डावीकडे, आउटपुटच्या रांगेत सापडेल, 'सिस्टिम' या नावाखाली 'कॅप्चर' म्हणून. आणि तुमचे स्पीकर? उजवीकडे, इनपुटमध्ये, 'प्लेबॅक' म्हणून.

यात चूक काही नाही. फक्त गोष्ट कुणाच्या जागेवरून सांगितली जाते आहे ते कळायला हवं. तुम्ही खोलीत बसलेले आहात. तुमच्या दृष्टीने माइक आत घेतो आणि स्पीकर बाहेर देतो. पण निवेदक खोलीत नाही, तो यंत्राच्या पोटात, सगळ्या तारांच्या मधोमध उभा आहे. त्याच्या दृष्टीने माइककडून आवाज निघतो आणि स्पीकरकडे पोचतो. कचेरीतल्या आवक-जावक नोंदवहीसारखंच आहे हे. या टेबलाची जावक ती पुढच्या टेबलाची आवक. कुठल्या टेबलाची वही उघडली आहे हे माहीत नसेल तर सगळ्या नोंदी उलट्या वाटतात.

कादंबरीत निवेदकाची जागा बदलली की चांगला लेखक वाचकाला पहिल्या पानातच काहीतरी खूण देतो. या खिडकीत ती खूण नाही. शिवाय तिला तीन कप्पे आहेत: ऑडिओ, मिडी आणि आल्सा. तुमचा यूएसबी कीबोर्ड मिडी पाठवतो, म्हणून तुम्ही मिडीच्या कप्प्यात बघता. तो तिथे नसतोच. तो आल्सामध्ये असतो. कारण 'मिडी' हा कप्पा जॅकच्या स्वतःच्या मिडीचा आहे, आणि कीबोर्डचे निरोप येतात ते आल्साच्या वाटेने. या दोन वाटा एकमेकींना आपोआप भेटत नाहीत, त्यांना जोडायला मध्ये आणखी एक लहानसा प्रोग्राम ठेवावा लागायचा. कप्प्यांची नावं वापरणाऱ्याच्या कामावरून दिलेली नाहीत, ती यंत्रणेच्या वंशावळीवरून दिलेली आहेत. घरात शिरणाऱ्या पाहुण्याला 'स्वयंपाकघर कुठे' याऐवजी 'हा भाग आजोबांच्या वाटणीचा' असं सांगण्यासारखं.

शांततेचे प्रकार

ऐकणाऱ्याला शांतता एकच असते. यंत्राच्या आत मात्र तिच्या निदान पाच जाती आहेत, आणि प्रत्येकीचा पत्ता वेगळा.

पहिली: निरोपच पोचला नाही. कीबोर्ड आहे, फ्लुइडसिंथ आहे, मध्ये तार नाही. मिडीची जोडणी आपोआप करायची सोय फ्लुइडसिंथमध्ये आहे, पण मूळ सेटिंगमध्ये ती बंद असते.

दुसरी: निरोप पोचला, पण गायकाकडे गाणं नाही. म्हणजे साउंडफाँट भरलेलाच नाही, किंवा निवडलेलं वाद्य त्या फायलीत नाही. इथे फ्लुइडसिंथ चक्क बोलतो. अमुक चॅनेलवर वाद्य सापडलं नाही, अमुक बँक, अमुक क्रमांक, असा इशारा छापतो. हे मला या सगळ्या मंडळींमधलं सर्वांत सभ्य वागणं वाटतं. फक्त तो छापतो टर्मिनलमध्ये. चिन्हावर क्लिक करून प्रोग्राम उघडला असेल तर तो इशारा तुमच्यापर्यंत येतच नाही. क्यूसिंथमध्ये संदेशांची वेगळी खिडकी आहे, पण ती उघडायला आधी काही संदेश असेल अशी शंका यावी लागते.

तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत क्रूर: आवाज तयार झाला, पण जोडलेला नाही. फ्लुइडसिंथ जॅकच्या वाटेने चालवला तर त्याचे डावा-उजवा असे दोन पोर्ट तयार होतात आणि तसेच लोंबकळत राहतात. इथेही आपोआप जोडणी हा पर्याय आहे, इथेही तो मूळ सेटिंगमध्ये बंद. क्यूसिंथच्या मीटरवर पट्टी नाचताना दिसते. वाद्य वाजतं आहे, मन लावून वाजतं आहे. तारेचं दुसरं टोक हवेत आहे.

चौथी: जोडलं, पण भलत्याच दारी. काही लॅपटॉपवर पहिलं साउंड कार्ड म्हणून एचडीएमआय नोंदलेलं असतं. म्हणजे आवाज इमानेइतबारे न लावलेल्या टीव्हीकडे जातो आहे. किंवा जागा बरोबर, पण तिथे आल्साचा 'एमएम' बसला आहे.

पाचवी: कार्डच मिळालं नाही, ते दुसऱ्याच्या ताब्यात आहे. पण ही शांतता मुकी नसते. 'बिझी' असं ती सांगते, आणि म्हणूनच पाचांत तीच सर्वांत लवकर सुटते.

या जाती ओळखायची रीत सभामंडपातल्या साउंडवाल्याची आहे. त्याला भौतिकशास्त्र विचारू नका, पण आवाज गेला की तो मधला मिक्सर गाठतो आणि मीटर बघतो. मीटर हलतंय? मग बिघाड पुढे, स्पीकरकडे. हलत नाही? मग मागे, माइककडे. एका नजरेत अर्धी वाट बाद. लिनक्सवर तो मधला मुक्काम म्हणजे सिंथेसायझरचं मीटर. ते हलत असेल तर तिसरी किंवा चौथी शांतता, नसेल तर पहिली किंवा दुसरी. मग हाताशी छोटी हत्यारं आहेत. एसेकडंप हा आल्साचा प्रोग्राम कीबोर्डकडून आलेला प्रत्येक मिडी निरोप ओळीने छापून दाखवतो. तो काही छापत नसेल तर सिंथेसायझरला दोष देण्यात अर्थ नाही. दुसऱ्या टोकाला स्पीकर-टेस्ट आहे. तो सिंथेसायझरला वगळून थेट स्पीकरमध्ये खरखर सोडतो. दोन्ही टोकं ठणठणीत निघाली की संशयित एकच उरतो, मधली तार.

तार दिसते, वाहतं ते दिसत नाही

पाइपवायरच्या काळात कापेला यांचीच नवी खिडकी आली, क्यूपीडब्ल्यूग्राफ. तिच्यात कप्पे नाहीत. सगळे प्रोग्राम एका मोकळ्या पटावर चौकोनांसारखे पसरलेले, त्यांच्या कडांना पोर्ट, आणि माउसने ओढायच्या वळणदार तारा. ऑडिओच्या तारांचा रंग वेगळा, मिडीच्या तारांचा वेगळा. जुन्या खिडकीतली वंशावळ मागे पडली आणि नकाशा पुढे आला. ब्राउझर, सिंथेसायझर, माइक, इयरफोन, सगळे एका पानावर. पहिल्यांदा बघणाऱ्याला आपल्या यंत्रात काय चाललं आहे याचा इतका थेट देखावा दुसरीकडे क्वचित मिळतो.

तरी माझी तक्रार आहे. या पटावर तार दिसते, पण तारेतून काही वाहतं आहे का ते दिसत नाही. गाणं वाहून नेणारी तार आणि तासभर कोरडी पडलेली तार एकसारखीच काढलेली असते. म्यूट केलेलं कार्ड आणि उघडं कार्ड यांचे चौकोन सारखेच. उलट पल्सऑडिओच्या काळापासून चालत आलेली पावूकंट्रोल ही खिडकी घ्या. तिच्यात प्रत्येक प्रोग्रामपुढे नाचणारी पट्टी आहे, म्यूटची खूण आहे, पण तार एकही नाही. एकीकडे नदीचा नकाशा, दुसरीकडे पाण्याची पातळी, आणि दोन्ही कागद वेगवेगळ्या कचेऱ्यांत. नवख्या माणसाला दोन्ही एकत्र लागतात, नेमके तेव्हाच ते एकत्र नसतात.

पाइपवायरमध्ये जोडण्यांचं धोरण ठरवणारा एक वेगळा प्रोग्राम आहे, वायरप्लंबर. नाव गमतीचं आहे: पाइप आहेत तर प्लंबर हवाच. साध्या प्रोग्रामांच्या जोडण्या तो न सांगता करतो. पण जॅकच्या पद्धतीने लिहिलेल्या प्रोग्रामांत तो सहसा ढवळाढवळ करत नाही, कारण त्यांच्या तारा वापरणाऱ्याने जोडायच्या असा जुना करार आहे. करार पाळणं हे सभ्यपणाचं लक्षण. पण नव्या माणसाला हा करार ठाऊक नसतो. त्याला एवढंच दिसतं की व्हिडिओ वाजतो, सिंथेसायझर वाजत नाही. म्हणजे सिंथेसायझर खराब आहे. किंवा मी.

आवाज आला तरी प्रश्न संपत नाही. पाइपवायर मूळ सेटिंगमध्ये सेकंदाला ४८००० नमुने घेतं आणि ते १०२४च्या गठ्ठ्यांत पुढे सरकवतं. एक गठ्ठा म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात आवाज हवेतून सात मीटर जातो. म्हणजे एवढ्या एका टप्प्यामुळेच आपण वाजवत असलेली पेटी सात मीटर लांब ठेवल्यासारखी होते. गठ्ठा २५६चा केला की अंतर दोन मीटरच्या आत येतं. पण मग प्रोसेसरला दर पाच मिलिसेकंदांनी नवा गठ्ठा तयार द्यावा लागतो. एकदा जरी उशीर झाला की आवाजात 'टक्' असा खडा लागतो. त्याला एक्सरन म्हणतात. जुन्या जॅकमध्ये वेळ न पाळणाऱ्या प्रोग्रामला साखळीतून काढून टाकायचे आणि त्याला 'झाँबी' म्हणायचे. आणि ब्लूटूथ इयरबड लावून सिंथेसायझर वाजवायचा विचार असेल तर सोडून द्या. तिथला उशीर सहज १०० मिलिसेकंदांच्या वर जातो, म्हणजे पेटी चौतीस मीटरवर.

पण उशीर निदान ऐकू तरी येतो. पीडब्ल्यू-टॉप नावाचा प्रोग्राम प्रत्येक घटकासमोर गठ्ठ्याचा आकार आणि चुकांची संख्या मांडतो. उशिराला आकडा आहे, स्तंभ आहे, नाव आहे. शांततेला यातलं काही नाही.

नाव नसलेली अडचण

काय पणाला लागलं आहे ते इथे सांगायला हवं. चूक-संदेश म्हणजे नुसता इशारा नसतो. तो पत्ता असतो. त्याचे शब्द जसेच्या तसे शोधले की त्याच जागी अडकलेला दुसरा माणूस सापडतो आणि त्याच्यामागून उत्तरही. 'बिझी' म्हणून आलेला संदेश शोधता येतो. पण काहीच न घडणं कसं शोधायचं? 'आवाज येत नाही' असं टाकलं तर स्पीकर तपासा, व्हॉल्यूम वाढवा, यंत्र बंद करून चालू करा, इतकंच हाती लागणार. तुमची शांतता पाचांपैकी कुठली हे ओळखण्याइतकं ज्ञान असेल तरच तुम्ही नेमका प्रश्न विचारू शकता, आणि तेवढं ज्ञान असतं तर प्रश्नच पडला नसता.

पुण्या-मुंबईत, कॉलेजच्या हॉस्टेलवर कुणीतरी लिनक्सवाला मित्र असतो. तो येऊन एक तार ओढतो आणि हसतो. तालुक्याच्या गावी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलेल्या मुलीला असा मित्र असेलच असं नाही. फुकट सॉफ्टवेअरचं सगळ्यात मोठं वचन तिलाच दिलेलं आहे: हजारो रुपयांचा सिंथेसायझर नको, पैसे भरून परवाना नको, आहे त्या यंत्रावर स्टुडिओ उभा कर. वचन खोटं नाही. फ्लुइडसिंथ, झिनअ‍ॅडसबएफएक्स, आर्डर ही खरंच गंभीर साधनं आहेत. झिनमध्ये तर स्वरांमधली अंतरं स्वतः ठरवता येतात, म्हणजे बारा समान पट्ट्यांच्या बाहेरचे, आपल्या रागांना लागणारे स्वरही मिळवता येतात. पण ते सगळं पहिल्या स्वराच्या पलीकडे आहे. आणि पहिल्या स्वराच्या दारात ही नाव नसलेली शांतता बसलेली आहे.

एक तपशील मला बोलका वाटतो. जॅक लिहिणारे पॉल डेव्हिस हेच आर्डर या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रामचेही मूळ लेखक. सुरुवातीला आर्डरला जॅक लागायचंच. २०१५मध्ये आलेल्या आर्डर ४पासून ती सक्ती गेली. आता आर्डर थेट आल्साशीही बोलू शकतो. तारा ओढण्याचं स्वातंत्र्य ज्याने दिलं, त्यानेच ते ऐच्छिक केलं. स्वातंत्र्य हवं तेव्हा घेता यावं, दारातच भरायचा कर म्हणून ते वसूल होऊ नये, असं मी त्यातून वाचते.

मग तारा लपवाव्यात का?

लपवण्याचा नमुना तुमच्या हातातच आहे. अँड्रॉइडचं कर्नलही लिनक्सच, तळाशी आल्साचे ड्रायव्हरही आहेत. पण कुठल्या अ‍ॅपचा आवाज कुठे जातो हे दाखवणारा पट तिथे नाही. आवाज येतो, बहुतेक वेळा येतोच. पण एका अ‍ॅपमध्ये वाजणारा सिंथेसायझर दुसऱ्या अ‍ॅपच्या इफेक्टमधून काढून तिसऱ्यात रेकॉर्ड करायचा म्हटलं तर तार ओढायला जागा नाही. मॅकवरही एका प्रोग्रामचा आवाज दुसऱ्यात न्यायला साधारणपणे वेगळा आभासी ड्रायव्हर बसवावा लागतो. लिनक्सवर हे एका ओढीचं काम आहे. झिनवर तानपुऱ्यासारखा अखंड सूर लावायचा, त्याची एक तार थेट हेडफोनला, दुसरी घुमाऱ्यातून रेकॉर्डरला. प्रोग्राम वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या देशांत लिहिलेले, आणि एकमेकांना कधी न भेटलेले. या पटावर ते एकत्र वाजतात. हे गमावून सोय मिळवावी असं मी म्हणणार नाही.

जॅकच्या बाजूने बोलणारे एक युक्तिवाद करतात, आणि त्यात दम आहे. न जोडलेलं वाद्य ही चूक नाही. मंचावरचा कलाकार मुद्दाम एखादं वाद्य न जोडता तयार ठेवतो, वेळ आली की तार ओढतो. दर सुट्या पोर्टवर यंत्र कोकलायला लागलं तर काम करणं अशक्य होईल. आणि आपोआप जोडलं तर कधीतरी माइक थेट स्पीकरमध्ये जाऊन कानठळ्या बसतील. आल्साने चॅनेल म्यूट ठेवले त्यामागेही असाच सावधपणा असावा.

मान्य. पण चूक नाही म्हणजे सांगू नये असं कुठे ठरलं? तुमचा फोन सायलेंटवर असतो तेव्हा काहीही बिघडलेलं नसतं. तरी वरच्या पट्टीत घंटेवर काट मारलेली दिसते. फोन कोकलत नाही, फक्त सांगतो: मी गप्प आहे, आणि का ते हे. सिंथेसायझरच्या खिडकीत एवढी एक ओळ का नसावी: 'निरोप येत आहेत, आवाज तयार होत आहे, बाहेरचे दोन्ही पोर्ट मोकळे आहेत'? ही माहिती नव्याने गोळा करायची नाही. सिंथेसायझरला आपल्याकडे निरोप आला हे कळतं, मीटर चालतं म्हणजे आवाजाची पातळी कळते, आणि पोर्टला तार लागली आहे की नाही हे सर्व्हरला विचारता येतं. चारही टेबलांच्या वह्या भरलेल्या आहेत. त्या शेजारी ठेवून वाचणारा कुणी नाही, इतकंच.

यात खलनायक शोधू नये. आल्सा, फ्लुइडसिंथ, पाइपवायर, वायरप्लंबर, क्यूपीडब्ल्यूग्राफ हे वेगवेगळ्या माणसांनी सांभाळलेले प्रकल्प आहेत. प्रत्येकजण आपापल्या हद्दीत चोख आहे, आणि शांतता पडते ती हद्दींच्या मधल्या पट्ट्यात. तिथे कुणाचा सातबारा नाही. तांत्रिक टीका बहुतेक वेळा एका प्रोग्रामला धरून होते, म्हणून हा पट्टा तिच्याही नजरेतून सुटतो. संपूर्ण वाट एक संहिता म्हणून वाचली तरच तो दिसतो.

म्हणून या यंत्रणेबद्दल माझा अभिप्राय असा. रचना उत्तम, भाषा कोरडी, निवेदक हुशार पण तुटक. तारा ठेवा. पण क्यूपीडब्ल्यूग्राफच्या पटावर आवाज वाहणारी तार वेगळी दिसू द्या, म्यूट असलेल्या चौकोनावर काट दिसू द्या, आणि फ्लुइडसिंथ टर्मिनलमध्ये जे प्रामाणिकपणे पुटपुटतो ते खिडकीत, वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येऊ द्या. ते होईपर्यंत, तुमच्या यंत्रावर सगळं जागच्या जागी असून काही ऐकू येत नसेल, तर स्वतःला ढ ठरवण्याआधी मीटर बघा. पट्टी नाचत असेल तर तुमचं वाद्य वाजतं आहे, फक्त एका तारेचं दुसरं टोक शोधायचं राहिलं आहे.